तुमचा रानकोंबडा, माझा रानकोंबडा

विहीणबाई,

तुमचे दिवसवार झाले, तुमचा अविनाश अमेरिकेला परत गेला, आणि मग रविवारी निखिलचा फोन आला. आधी शाळा झाली, बर्फ झाला, धाकट्या मीनलचा पडलेला दात झाला. तुमच्याबद्दल त्याने काही विचारलं नाही, मुलं असं सरळ विचारत नाहीत. मी फोन ठेवणार तेवढ्यात म्हणाला, "मग आजी, आता तुझंच खरं धरायचं का?"

"कशाबद्दल रे?"

"रानकोंबड्याबद्दल. मुलुंडची आजी आता नाहीये ना."

मी त्याला म्हटलं, थांब, लिहून पाठवते. म्हणून हे लिहिते आहे. लिहिते तुम्हाला, पण ऐकायचं मुलांनी आहे. अविनाश त्यांना वाचून दाखवेल आणि अडेल तिथे इंग्रजीत सांगेल. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. समोरचा माणूस उरला नाही म्हणून आपण जिंकलो, हे मला मान्य नाही. तुम्हालाही झालं नसतं. तुम्ही तर मी खोलीत असताना जिंकायच्या.

मुलांना विहीण म्हणजे काय ते नीटसं ठाऊक नाही. तिकडे त्या नात्याला नाव नाही म्हणे. तर मुलांनो, तुमच्या बाबांची आई आणि तुमच्या आईची आई, या दोघी एकमेकींच्या विहिणी. पण बरोबरीच्या नव्हेत. मुलाची आई वर, मुलीची आई खाली. लग्नात मुलीच्या आईने वरमाईचे पाय धुवायचे, आणि त्यानंतर जन्मभर साधारण त्याच पद्धतीने वागायचं.

मी तुमचे पाय धुतले, विहीणबाई. माझ्या हातात चांदीचा तांब्या होता, तुम्ही पाटावर बसला होतात, आणि हॉलमधली सगळी माणसं बघत होती. मी पाणी ओतलं आणि तुम्ही हळूच म्हणालात, "गार आहे जी." तेवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा पाणी आणलं. माझी बहीण रात्रभर धुसफुसत होती, आणि आमची सुषमा लग्नाच्या शालूत रडायच्या बेतात आली होती. पाणी कोमट होतं, हे मी तेव्हाही सांगितलं असतं. पण मुलीची आई बोलत नाही.

पुढची काही वर्षं आपण सणावारी भेटलो. तुम्ही चंद्रपूरला, मी बोरिवलीला. तुमचे यजमान जंगलखात्यात रेंजर. ते गेल्यावर अविनाशने तुम्हाला मुलुंडला आपल्या ब्लॉकमध्ये आणलं, आणि वर्षभरात त्यालाच अमेरिकेतली नोकरी लागली. सुषमा आणि मुलं गेली. तुम्ही राहिलात मुलुंड कॉलनीच्या टोकाला, पाठीमागे डोंगर असलेल्या त्या तिसऱ्या मजल्यावर, जिथे तुमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. आणि मी बोरिवलीला, नॅशनल पार्कच्या फाटकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर. नकाशात पाहिलं तर आपण शेजारणीच. मध्ये फक्त जंगल. पण जंगलातून विहिणीकडे जाता येत नाही, तिथे बिबटे आहेत. घोडबंदर रोडने ठाण्याला वळसा घालून यावं लागतं आणि अर्धा दिवस जातो. तरी तुम्ही यायच्या. पहिल्यांदा आलात तेव्हा मी नवीन कपबशा काढल्या. तुम्ही कपाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "रोजच्या कपात द्या. मी काय मुलगी बघायला आली?"

त्या वर्षी निखिलच्या वर्गात अंडी उबवायचं यंत्र ठेवलं होतं. पिल्लं बाहेर आली आणि बाईंनी सांगितलं, जगातल्या सगळ्या कोंबड्यांचे पूर्वज हिंदुस्थानातल्या जंगलात अजून आहेत. निखिलने हात वर केला. म्हणाला, माझ्या दोन्ही आज्या हिंदुस्थानात आहेत, मी विचारतो. मग त्याने दोघींना एकच प्रश्न पाठवला: आजी, रानकोंबडा कसा दिसतो आणि कसा आरवतो?

आपण दोघींनी एकमेकींना न विचारता उत्तर दिलं.

मी लिहिलं ते सावंतवाडीच्या मागच्या डोंगरातलं. माझं लहानपण तिथलं. आमचा रानकोंबडा राखाडी. अंगावर बारीक पांढऱ्या रेघा, शेपूट काळं, जांभळ्या झाकेचं. मानेवरची पिसं ही त्याची खरी ओळख. प्रत्येक पिसावर पिवळट पांढरे ठिपके, वितळलेल्या मेणाचे थेंब पडून गोठावेत तसे, हाताला टणक लागणारे. माझे काका शिकारीला जायचे, तेव्हा ती पिसं आम्ही वहीत ठेवायचो. आवाज तुटक. कुक्, काया काया, कुक्. आणि आरवण्याआधी तो पंख झाडत नाही. उभा राहतो आणि ओरडतो.

तुम्ही लिहिलंत ते भामरागडकडच्या जंगलातलं. रानकोंबडा लाल. मान पेटलेल्या निखाऱ्यासारखी, शेपूट हिरवट काळं, बुडाशी पांढऱ्या पिसांचा झुबका, पाय पाटीच्या रंगाचे. आधी पंख फडफड झाडतो, मग आरवतो, अगदी गावठी कोंबड्यासारखा, फक्त शेवटचा सूर गिळून टाकतो.

निखिलचं उत्तर आलं ते दोघींच्या नावावर एकच. त्यात त्याने लिहिलं होतं, तुमच्यापैकी एक आजी चुकते आहे. बाईंच्या पुस्तकात चित्र आहे आणि ते मुलुंडच्या आजीसारखं आहे.

तुम्ही पेढे घेऊन बोरिवलीला आलात.

"कसले पेढे?" मी विचारलं.

"नातू पहिल्या परीक्षेत पास झाला. आजी कोण खरी बोलते ते त्याला समजलं."

"विहीणबाई, मी तो पक्षी हातात धरलेला आहे."

"मेलेला. काकाने मारलेला. मी जिवंत सांभाळला आहे." आणि मग तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. यजमानांच्या माणसाने रानातून अंडी आणली, तुम्ही ती गावठी कोंबडीखाली ठेवलीत. पिल्लं झाली, पण आईच्या हाकेला येईनात. कुणी अंगणात आलं की पानांखाली दडायची, आणि पंख फुटताच एकेक करून उडून गेली. एक कोंबडा तेवढा बरेच दिवस मागे राहिला. रोज सकाळी क्वार्टरच्या पत्र्यावर उभा राहून पंख झाडायचा आणि आरवायचा. तुम्ही तेव्हा नव्या लग्नाच्या, यजमान आठ-आठ दिवस दौऱ्यावर, क्वार्टरमध्ये तुम्ही एकट्या. "त्याचं आरवणं झालं की मी चूल पेटवायची," तुम्ही म्हणालात. "दुसरं माणूसच नव्हतं दिवस सुरू करायला."

मुलांसाठी एक गोष्ट इथे सांगते, कारण ती तुम्ही स्वतः कधी सांगितली नसती. मुलं बोरिवलीच्या आजीकडे वाढली. सुट्ट्या माझ्याकडे, आजारपण माझ्याकडे, मीनलचं पहिलं पाऊल माझ्या फरशीवर. तुम्ही चंद्रपूरला होतात, वर्षाकाठी एकदा भेटायच्या, आणि मुलं तुम्हाला लाजायची. त्यांना द्यायला तुमच्याकडे माझ्यासारखं रोजचं काही नव्हतं. हा कोंबडा होता. त्यावर नातवाने विश्वास ठेवला होता, आणि तो तुम्ही सोडणार नव्हता.

पण मीही सोडणार नव्हते. लग्नापासून मी तुमच्यासमोर सगळं मान्य करत आले होते, पाण्यापासून. या एका बाबतीत मी हो म्हटलं नाही. त्या दिवशी मी पेढा खाल्ला आणि म्हटलं, "पेढा छान आहे. कोंबडा राखाडी असतो." तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत. मला वाटलं, आता उठतील. तुम्ही दुसरा पेढा उचलून माझ्या बशीत ठेवलात.

मग कॅसेट. निखिलला आवाज हवा होता. माझ्याकडे टेपरेकॉर्डर होता, फोर्टातल्या ऑफिसातून निवृत्त होताना मिळालेला, आणि माझ्या सवयीप्रमाणे मी कॅसेटवर आधीच लेबल लावलं होतं: एका बाजूला सावंतवाडी, दुसऱ्या बाजूला भामरागड. मी आधी केलं. कुक्, काया काया, कुक्.

तुम्ही म्हणालात, "हा कोंबडा आहे का जी, का कुणी उंबऱ्यात अडखळलं?"

ते कॅसेटवर आहे. मुलांनी ऐकलं आहे. मग तुम्ही उठून उभ्या राहिलात, पदर खोचलात, दोन्ही हातांनी मांड्यांवर फडफड थापा मारल्यात आणि आरवलात. इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले आणि सोसायटीत कोंबड्या पाळायला परवानगी नाही असं दारातूनच सांगू लागले. तुम्ही त्यांना म्हणालात, "पाळला नाही. पाहुणा आहे."

त्यानंतर मी ग्रंथालयात गेले. मला गोष्टी तपासून घ्यायची सवय आहे. पक्ष्यांवरच्या एका जाड इंग्रजी पुस्तकात दोन्ही सापडले, समोरासमोरच्या पानांवर. दोन वेगळ्या जाती, एकाच घराण्यातल्या. राखाडी रानकोंबडा आपल्या पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या डोंगरांतला. लाल रानकोंबडा उत्तरेकडचा आणि पूर्वेकडचा, आणि त्याचं राज्य महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला येऊन टेकतं. मध्ये कुठेतरी दोघांची हद्द लागते. माद्यासुद्धा वेगळ्या: तुमची साधी तपकिरी, आमचीच्या छातीवर पांढरी पिसं आणि त्यांना काळी किनार, मासळीच्या खवल्यासारखी. आवाज मी म्हटलं तसा, आणि तुम्ही म्हटलात तसाही. फडफडीबद्दलसुद्धा दोघींचं बरोबर होतं. फक्त पाळीव कोंबडी तुमच्या लाल कोंबड्याच्या वंशातली, म्हणून निखिलच्या बाईंच्या पुस्तकात तुमचं चित्र.

मला वाटलं, मिटलं. मी सगळं उतरवून घेतलं आणि तुम्ही आलात तेव्हा वाचून दाखवलं. तुम्ही शांतपणे ऐकलंत.

"पुस्तक कुणी लिहिलं?"

"एका साहेबाने."

"कुठे राहायचा?"

"मला काय माहीत. मुंबईत असेल."

"मग तुमच्याच बाजूचा," तुम्ही म्हणालात. "असेल तुमचा पक्षी. पण पंख न झाडता ओरडतो त्याला मी रानकोंबडा म्हणणार नाही. डोळ्यांनी दिसला पाहिजे, कानांनी ऐकला पाहिजे. मुलुंडला तर कधी ऐकू आला नाही बावा. इतकं जंगल आहे मागे."

म्हणून आपण नॅशनल पार्कमध्ये जायला लागलो. तुम्ही आदल्या दिवशी मुक्कामाला यायच्या, दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आपण फाटकातून आत. तुमचे कॅनव्हासचे बूट, माझी छत्री, चहाचा थर्मास. कान्हेरीच्या रस्त्याला एका कठड्यावर बसायचं आणि वाट पाहायची. फिरायला येणारे लोक विचारायचे, "काय आजी, कुणाची वाट बघताय?" तुम्ही म्हणायच्या, "यांच्या माहेरच्यांची."

एकदाच आला तो आवाज. लांबून, टेकडीच्या पलीकडून. कुक्, काया काया, कुक्. मी तुमचा हात धरला. तुम्ही कान देऊन ऐकलंत, नीट, पुन्हा येईपर्यंत, पुन्हा थांबेपर्यंत.

"झालं?" मी विचारलं.

"दूर होतं," तुम्ही म्हणालात. "कुणाचं दार करकरलं असेल."

मी त्या दिवशी खरोखर चिडले. परतीच्या रस्त्याला आपण बोललो नाही. मग पाड्याजवळ आपण टेकलो, तुम्ही चहा ओतलात, आणि विहिणी बसल्या की जे बोलतात ते आपोआप सुरू झालं. निखिलचं कपाळ कुणाचं. तुमचं. मीनलचे कान माझे, हट्ट तुमचा. निखिलचं नाक तुमच्या यजमानांचं, याबद्दल वाद नव्हताच. समोर एक गावठी कोंबडी माती उकरत होती. तुम्ही तिच्याकडे बघत होतात.

"हिचे पाय पाहा," तुम्ही म्हणालात.

"काय झालं पायांना?"

"पिवळे आहेत. माझ्या कोंबड्याचे पाटीच्या रंगाचे होते, त्याच्या कोंबडीचेही. तुमच्या साहेबाने लिहिलं, सगळ्या गावठी कोंबड्या माझ्या कोंबड्याच्या वंशातल्या. मग हे पिवळे पाय कुणाचे?"

मी म्हटलं, "पुस्तकात याबद्दल काही नव्हतं."

"पुस्तक राहू द्या. तुमच्या रानातल्या कोंबडीचे पाय कसे?"

मी आठवून सांगितलं, पिवळसर.

तुम्ही चहा संपवलात, झाकण झटकून थर्मासला लावलंत. "बरं," तुम्ही म्हणालात. "मग नाक आमचं, पाय तुमचे."

आणि उठून चालू लागलात. मी हसले, पण तुम्ही हसत नव्हता. ते कबूल करणं होतं की चेष्टा, हे मी विचारायला हवं होतं का, कोण जाणे. तुम्ही काही उत्तर दिलं नसतंत. पुढच्या वेळी पुन्हा तुमचं तेच सुरू: पंख झाडत नाही तो कोंबडा नाही, आणि मुलुंडला तर कधी ऐकू येत नाही.

शेवटच्या आजारात मी मुलुंडला आले तेव्हा तुम्हाला बोलायला त्रास होत होता. मी मुलांची खुशाली सांगितली. तुम्ही हाताने गॅलरीचं दार दाखवलंत. मला वाटलं, वारा लागतो आहे. मी दार लावून घेतलं. तुम्ही मान हलवलीत, पण मी जवळ येऊन बसले तेव्हा माझा हात थोपटलात आणि डोळे मिटलेत. मी ते तसंच सोडून दिलं.

आता मुख्य गोष्ट. अविनाश परत गेल्यावर घर आवरायला मी चार दिवस मुलुंडच्या ब्लॉकमध्ये राहिले. पहिल्याच पहाटे, दूधवाला यायच्या आधी, मी गॅलरीचं दार उघडलं आणि चहाचा कप घेऊन उभी राहिले. डोंगर अगदी समोर, हात लांब केला तर लागेल असा. आणि त्यातून आवाज आला. कुक्, काया काया, कुक्. लांबून नव्हे, पुसट नव्हे. सोसायटीच्या भिंतीपलीकडच्या करवंदीच्या जाळीतून असावा इतक्या जवळून. थांबला, आणि पुन्हा आला. पुन्हा आला.

मी कप कठड्यावर ठेवला.

शेजारच्या गॅलरीत लता कपडे वाळत घालत होती. लता म्हणजे तुम्हाला सूप आणून देणारी, तुमच्याकडून भाकरी शिकलेली मुलगी. मी तिला विचारलं, "हा इथे रोज येतो?"

"कोण, कोंबडा? रोज ना काकू. पावसात जरा कमी. आम्हाला तर अलार्म लागतच नाही."

"आणि विहीणबाई? त्यांना ऐकू यायचा?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "म्हणजे काय. रोज इथेच उभ्या असायच्या चहा घेऊन. तो ओरडला की मला हाक मारायच्या, 'लता, ऐक, आले विहीणबाईंच्या माहेरचे.' मगच गॅस पेटवायच्या नाश्त्याला."

ती चिमटे लावत राहिली.

"मी त्यांना म्हटलं पण एकदा," ती म्हणाली, "काकू, तुम्ही बोरिवलीच्या काकूंना सांगत का नाही, की येतो ऐकू? उगाच त्यांना त्या पार्कात पायपीट करायला लावता. तर मला म्हणतात कशा, 'काहून सांगू? भांडण मिटलं की दोघी म्हाताऱ्यांनी काय बोलायचं मग? गुडघे?'"

दुसऱ्या दिवशीही तो आला. तिसऱ्या दिवशीही. मी रोज कप घेऊन उभी राहिले. तुम्ही हाताने दार दाखवलं होतंत ते का, हे मला कळलं, आणि ते लिहून ठेवण्याखेरीज आता त्याचं काही करता येण्यासारखं नाही. चौथ्या दिवशी मी कुलूप लावलं आणि किल्ली लताकडे दिली.

तर निखिल, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मुलुंडच्या आजीचा रानकोंबडा खरा. लाल, पंख झाडणारा, शेवटचा सूर गिळणारा. तिने तो वाढवला होता, आणि तिचा दिवस त्याच्या आरवण्याने सुरू व्हायचा. बोरिवलीच्या आजीचाही खरा, आणि मुलुंडच्या आजीचा दिवस पुढे त्याच्या ओरडण्याने सुरू व्हायचा. माझंच खरं धरू नकोस. कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐक, आणि भामरागडची बाजू मोठ्या आवाजात लाव. तुझ्या बाईंना पिवळ्या पायांचं जरूर विचार. त्यांना आलं नाही तर पुढे कधीतरी तू शोधून काढ. तो प्रश्न तिचा आहे. मीनलला सांग, हट्ट कुणाचा आहे ते तिने विसरू नये. पुढच्या सुट्टीत आलात की मी तुम्हाला पहाटे मुलुंडच्या त्या गॅलरीत उभं करणार आहे.

विहीणबाई, बोरिवलीला आता सकाळी मी लवकर उठते. आमच्या बाजूला मध्ये इमारती झाल्यात, त्यामुळे ऐकू येत नाही. तरी खिडकी उघडून थोडा वेळ थांबते, आणि मग गॅस पेटवते.

कोंबड्याचं भांडण तुम्ही मिटवलंत, मला न सांगता. हे बरं केलं नाहीत. पण एक अजून शिल्लक आहे, आणि त्यात मी माघार घेणार नाही.

पाणी कोमट होतं.